बाईंची ऊनोदरी



मुगाच्या वड्या घालण्यावर लिहिलं होतं, त्यानंतर बरेच दिवस इथे काही आलं नाही. दोघीतिघींनी फोन करून चौकशी केली, बरं वाटलं. आजही स्वयंपाकघरातलंच लिहिणार आहे, पण त्यात करायचा पदार्थ काही नाही. माझ्या सासूबाईंबद्दल लिहायचं आहे. घरात लहानथोर सगळे त्यांना बाईच म्हणतात. लिहू का, असं आधी त्यांनाच विचारलं. गहू निवडता निवडता म्हणाल्या, "लिही. नाव नको टाकू. आणि मी मेल्यासारखं नको लिहू."

गोष्ट 2022 च्या चातुर्मासात सुरू झाली. म्हणजे आता मागे वळून पाहिलं तर तिथे सुरू झालेली दिसते, तेव्हा आम्हाला काही सुरू झाल्यासारखं वाटलं नव्हतं. बाई तेव्हा 63 वर्षांच्या. दोन वर्षीतप झालेले, पर्युषणात अट्ठाई जवळजवळ दरवर्षीची. त्या वर्षी मात्र अट्ठाई झेपणार नाही म्हणाल्या. पण जेवण फार कमी केलं. आधी तीन फुलके खायच्या, ते दोन झाले, मग एक, मग अर्धा. डाळीची वाटी समोर तशीच. "झालं माझं, पोट भरलं," असं म्हणून हात धुवायला उठायच्या.

त्याच आठवड्यात स्थानकात महासतीजींचं व्याख्यान बाह्य तपावर होतं. सहा बाह्य तपांत अनशनानंतर दुसरं नाव ऊनोदरीचं. उपवास एकदा सुटतो, पण ऊनोदरी रोजच्या ताटावर करावी लागते म्हणून ती अवघड, असं त्यांनी समजावलं. व्याख्यान संपल्यावर मी चार बायकांत मोठ्या तोंडाने म्हणाले, "आमच्या बाईंची तर बारा महिने ऊनोदरी सुरू आहे!" सगळ्यांनी हात जोडून अनुमोदना केली. बाई काही बोलल्या नाहीत, नुसतं हसल्या. ते माझं वाक्य मला अजून रात्री आठवतं.

कारण भूक असताना दोन घास राखून उठणं म्हणजे ऊनोदरी. बाईंना भूकच लागत नव्हती. मधला फरक एवढाच, आणि तो ताट वाढणारीला दिसायला हवा होता. ताट मीच वाढत होते.

दुसरंही बरंच दिसत होतं. परकराची नाडी त्या सैल बांधायला लागल्या. पोटात गॅस धरतो म्हणून ओवा, हिंग, काळं मीठ सुरू होतं. रात्री तीन-तीन वेळा लघवीला उठायच्या. चौविहार असल्याने सूर्यास्तानंतर पाण्याचा थेंबही नाही, मग इतक्या वेळा कशाला उठावं लागतं, हा साधा हिशेबही मी केला नाही. तो केला आमच्याकडे भांड्याला येणाऱ्या मावशींनी. एकदा अंगणात भांडी घासता घासता मला म्हणाल्या, "वहिनी, बाईचे हात पाहा न कसे सुकले, अन् पोट काहून वर येऊन राह्यलं?" मी म्हटलं, वय झालं मावशी, वायू असतो. मावशींनी परत विचारलं नाही.

दिवाळीत दम लागायला लागला. गच्चीवर पापड वाळत घालायला गेल्या की पाचव्या पायरीवर थांबायच्या. मग आडवं झालं की घुसमटायचं, उशा लावून बसल्या बसल्या झोपायच्या. एक्स-रे काढला. उजवी बाजू खालून अर्ध्यापर्यंत पांढरी. सुई घालून पाणी काढलं, लिटरभर निघालं, गवती पिवळ्या रंगाचं. छातीत पाणी म्हटलं की आपल्याकडे पहिला संशय टीबीचा येतो, आणि आपल्या भागात टीबी आहेच, त्यामुळे तो संशय उगाच नसतो. सहा महिन्यांचं औषध सुरू झालं. त्या गोळ्यांनी लघवी केशरी होते, बाई पहिल्या दिवशी घाबरून मला हाक मारत बाहेर आल्या होत्या.

कोणत्या डॉक्टरांनी काय केलं ते मी इथे लिहिणार नाही, कारण दोष वाटायचाच झाला तर माझ्या वाट्याला मोठा येतो. त्यांनी दोन गोष्टी विचारल्या-सांगितल्या होत्या. एक, पोटाची काही तक्रार आहे का? बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि मी म्हणाले, नाही, थोडा गॅस आहे. खोलीत मोठे दीर उभे होते. त्यांच्यासमोर पोट, लघवी, अंगावरचं जाणं, हे आपल्या घरातली कोणती बाई बोलते? दुसरी गोष्ट, काढलेल्या पाण्यातल्या पेशी तपासायला बाटली नागपूरला पाठवायची चिठ्ठी दिली होती. पाणी निघाल्यावर बाईंना बरं वाटलं. कापसाचे दिवस, दुकानात माणूस नाही. ती चिठ्ठी देव्हाऱ्याखालच्या कप्प्यात विजेच्या बिलांबरोबर राहिली.

दीड महिन्यात छातीत पाणी पुन्हा भरलं. या वेळी नागपूरला नेलं. पांढरकवड्याहून नागपूर म्हणजे करंजी, वडकी, हिंगणघाट, जांब, बुटीबोरी, असा दीडशे किलोमीटरचा रस्ता. पुढची दोन वर्षं हा रस्ता आम्हाला घरच्या ओसरीसारखा झाला. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी छातीला हात लावण्याआधी पोटाला हात लावला. मग सगळ्या पुरुषांना बाहेर काढलं, दार लावलं आणि विचारलं, "आजी, जेवण कमी कधीपासून झालं?" बाई म्हणाल्या, "पर्युषणाच्याही आधीपासून." मी तिथेच उभी होते.

सोनोग्राफीत दोन्ही अंडाशयांवर गाठी आणि पोटात पाणी दिसलं. मी वेड्यासारखी विचारत होते, पण हिला त्रास तर छातीचा आहे. गर्भपिशवीच्या बाजूचा आजार छातीत कसा जाईल? मध्ये केवढं अंतर!

डॉक्टरीणबाईंनी मला कागदावर चित्र काढून दाखवलं. घरी येऊन जावांना समजावताना मी ते आपल्या भाषेत केलं, तेच इथे सांगते. छाती आणि पोट यांच्यामध्ये एक पडदा असतो, श्वास घेताना तो खाली-वर होतो. आपल्याला वाटतं तो पत्र्यासारखा बंद आहे. तसा तो नाही. त्याला रसवाहिन्यांची बारीक बारीक तोंडं असतात, आपल्या पाणी गाळायच्या दुहेरी फडक्यासारखी. अंडाशयातून सुटलेल्या पेशी पोटातल्या पाण्यात तरंगतात. श्वासाबरोबर ते पाणी पोटात फिरत राहतं आणि उजव्या कडेने वर चढून त्या पडद्याच्या खालच्या बाजूला जातं. तिथून काही पेशी झिरपून वर छातीच्या पोकळीत पोचतात. म्हणून अशा आजारात छातीतलं पाणी जास्त करून उजवीकडे दिसतं. फुप्फुसाच्या आत काही नसतं, फुप्फुसाभोवतीच्या आवरणात पाणी साठतं आणि फुप्फुस दाबलं जातं. त्याने दम लागतो. अंडाशयाचा कॅन्सर पोटाबाहेर पडला तर छातीचं हे आवरण हे त्याचं नेहमीचं ठिकाण आहे. मात्र आजाराची पहिली तक्रारच छातीची असावी, असं कमी वेळा होतं. बाईंच्या बाबतीत खरं तर तसंही नव्हतं. पहिली तक्रार पोटाचीच होती, ती आम्ही तपात जमा केली होती.

त्यानंतर दोन दिवस आम्ही एका परदेशी नावावर काढले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या की अंडाशयात गाठ, पोटात पाणी आणि छातीत पाणी एवढं तिन्ही असूनही कधी कधी कॅन्सर नसतो. अमेरिकेत बॉस्टनचे मेग्ज नावाचे डॉक्टर होते, त्यांनी 1937 मध्ये अशा बायकांची माहिती छापली होती. गाठ साधी असते, ती काढली की दोन्हीकडचं पाणी आपोआप आटतं. त्यांच्याच नावाने तो आजार ओळखतात. असं क्वचित होतं, हेही त्यांनी सांगितलं होतं. पण आम्हाला ऐकायचं तेवढंच ऐकू आलं. माझे मिस्टर दोन दिवस फोनवर सगळ्यांना "मेग्ज, मेग्ज" सांगत होते. मी नवकाराच्या माळा मोजत होते. तिसऱ्या दिवशी छातीतल्या पाण्याचा रिपोर्ट आला. त्यात कॅन्सरच्या पेशी होत्या.

छातीत नुसतं पाणी असणं वेगळं आणि त्या पाण्यात पेशी सापडणं वेगळं, हे तेव्हा कळलं. पेशी सापडल्या तरच पायरी चौथी धरतात. म्हणून कप्प्यातली ती चिठ्ठी एवढी महत्त्वाची होती. पहिल्या पाण्यात पेशी सापडल्याच असत्या असं नाही, एका वेळच्या तपासणीत त्या हुकतातही, मग दुसऱ्यांदा पाणी पाठवावं लागतं. पण आम्ही पहिलंही पाठवलं नव्हतं. टीबीच्या गोळ्या तिथेच थांबवल्या.

"चौथी पायरी" हा शब्द पांढरकवड्यात आमच्या गाडीच्या आधी पोचला. भेटायला आलेल्या एका नात्यातल्या बाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, "मग आता संथाऱ्याचं काही बोलणं झालं का?" वाईट मनाने नव्हतं विचारलं. पण संथारा काही रिपोर्ट पाहून घरच्यांनी ठरवायची गोष्ट नाही, आणि घाबरून तर मुळीच घ्यायची नाही. त्याला गुरूंची आज्ञा लागते, मनाची स्थिरता लागते. आतून बाईंचा आवाज आला. ऐकलं होतं त्यांनी. "मला अजून ह्या उन्हाळ्याचे पापड करायचे आहेत," म्हणाल्या.

नागपूरच्या वॉर्डात शेजारच्या खाटेवर वणीकडची एक सव्वीस-सत्तावीस वर्षांची मुलगी होती. तिच्या एक्स-रेमध्ये दोन्ही फुप्फुसांत गोल गोल डाग होते, बाईंच्या एक्स-रेपेक्षा कितीतरी भयंकर दिसणारे. द्राक्षगर्भ झाला होता, म्हणजे गर्भ न वाढता पिशवीत नुसते द्राक्षांसारखे घोस वाढतात तो. तो काढून टाकल्यावरही आजार राहिला आणि छातीत गेला. मला वाटलं, एवढीशी पोर, संपलं. तर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हिच्या आजाराचा स्वभावच छातीत जायचा, आणि तिथे गेला तरी औषधाने बहुतेक जणी पूर्ण बऱ्या होतात. 1956 मध्ये अमेरिकेत मेथोट्रेक्सेट नावाच्या औषधाने अशा बायका बऱ्या होतात हे दिसलं, औषधाने बरा झालेला गाठीचा तो पहिलाच कॅन्सर. छातीत गेलं म्हणजे प्रत्येकीचं सारखंच, असं नसतं. मुलगी हसत घरी गेली. बाईंना तिची फार आठवण येते.

बाईंचं ठरलं ते असं: दर एकवीस दिवसांनी केमो, तीन वेळा, मग ऑपरेशन, मग पुन्हा तीन वेळा. आता खरा प्रश्न उभा राहिला. मैत्रिणींनो, तुमच्यापैकी ज्यांच्या घरी असं आजारपण झालं आहे त्यांना तो लगेच कळेल. केमोच्या दिवशी भरपूर पाणी प्यायचं, रात्रीसुद्धा. उलटीची गोळी रात्री नऊला. आणि बाईंचा चाळीस वर्षांचा चौविहार.

पहिल्या केमोला त्यांनी पाणी घेतलंच नाही. सूर्य मावळला की तोंड बंद. दुसऱ्या दिवशी इतक्या कोमेजल्या की सलाईन लावावं लागलं. मी रागावले, रडले, पाया पडले. "व्रत मोडून जगू का?" एवढंच म्हणायच्या. शेवटी मी महासतीजींकडे गेले. त्या तेव्हा विहारात होत्या, हिंगणघाटला थांबल्या होत्या. दुसऱ्या केमोला जाताना गाडी तिकडे वळवली. त्यांनी बाईंना काही समजावलं नाही, उपदेश केला नाही. फक्त म्हणाल्या, "तुम्ही रोज संध्याकाळी पच्चक्खाण घेता, त्यात आगार किती?" बाईंनी बोटांवर मोजून चार सांगितले. "चौथा कशाचा?" बाई थांबल्या. चौथा समाधीचा. शरीराला असह्य पीडा असेल आणि त्याने मनाची समाधी ढळत असेल, तर औषधोपचार घेतल्याने पच्चक्खाण मोडत नाही, अशी सूट त्या पच्चक्खाणाच्या आतच ठेवलेली आहे. चाळीस वर्षं त्या ते रोज तोंडाने म्हणत होत्या. मीही म्हणते. त्यात आमच्यासाठी काही ठेवलेलं आहे, हे आम्हा दोघींनाही माहीत नव्हतं.

त्या दिवसापासून बाईंनी रात्रीचं पाणी आणि गोळी घेतली, उकळलेलं पाणी, थर्मासमध्ये. बाकीचा नियम पाळला. केमो संपवून परत येताना जांबच्या अलीकडे सूर्य खाली यायचा. तिथे एका लिंबाखाली गाडी थांबवून डबा उघडायचा हे ठरून गेलं. मुगाचं धिरडं, दही, कधी थुली. अंडी द्या असं आहाराच्या ताईंनी सांगितलं होतं. ते शक्य नाही म्हटल्यावर त्या नाराज झाल्या नाहीत, त्यांनी मूग, पनीर, शेंगदाणे, सातू असा हिशेब मांडून दिला. कंदमुळं नाहीत हेही सांगून टाकलं. सांगा मैत्रिणींनो, लाजू नका, त्या मंडळींना सवय असते. न सांगता ताट परत पाठवलं तर मात्र आजारी बाई उपाशी राहते.

केस दुसऱ्या केमोनंतर गेले. मी आरसा झाकून ठेवला होता. बाईंनी स्वतःच काढला. "महासतीजी एकेक केस हाताने उपटतात, किती सोसतात. माझा लोच फुकटचा झाला, पुण्य लागायचं नाही." मला हसावं की रडावं कळेना. बोटं बधिर झाली तेव्हा मात्र त्या खरंच खचल्या. माळेचे मणी बोटांना कळत नव्हते, एकशे आठ झाले की नाही समजायचं नाही. मग मी एका वाटीत राजमा मोजून दिला, एक दाणा इकडून तिकडे, एक नवकार.

2023 चं वर्ष अधिक श्रावणाचं, चातुर्मास पाच महिन्यांचा. तो लागायच्या आत सहावी केमो संपली. छातीतलं पाणी पूर्ण गेलं होतं. पापड त्या उन्हाळ्यात झाले नव्हते, पुढच्या उन्हाळ्यात झाले. अकरा किलो. लाटायला बोटं चालत नव्हती, पण पीठ कसं मळायचं ते खुर्चीवरून सांगत होत्या आणि एकही लाटी त्यांच्या मनासारखी होत नव्हती.

दिवाळीनंतर, 2024 मध्ये, पुन्हा दम लागला. या वेळी कुणी गॅस म्हटलं नाही, दुसऱ्या दिवशी आम्ही नागपुरात होतो. तेच औषध पुन्हा चाललं, कारण मध्ये वर्षभराहून जास्त काळ चांगला गेला होता. मात्र छातीतलं पाणी परत परत भरत होतं, म्हणून त्यांनी नळी घालून पाणी काढलं आणि आत टाल्क सोडली. हो, पावडरच्या डब्यातली असते त्याच जातीची, पण निर्जंतुक केलेली. त्याने आवरणाचे दोन पदर एकमेकांना चिकटतात आणि पाण्याला जागाच उरत नाही. दुखलं फार. पण त्यानंतर त्या बाजूला पाणी भरलं नाही.

त्याच वेळी रक्ताची एक तपासणी झाली, जनुकांची. बाईंच्यात बीआरसीए-1 नावाच्या जनुकात दोष निघाला. त्या दोषाने अंडाशयाचा आणि स्तनाचा, दोन्ही कॅन्सरचा धोका वाढतो. ॲंजेलिना जोलीची बातमी 2013 मध्ये आपण सगळ्यांनी वाचली होती ना, तोच. बाईंना त्यामुळे एक फायदा झाला, त्यांना ऑलापॅरिबच्या गोळ्या चालणार होत्या, आणि त्या आता सुरू आहेत. पण हा दोष मुलांत उतरायची शक्यता प्रत्येकाला अर्धी. मुलग्यालाही. माझ्या मिस्टरांनी लगेच रक्त दिलं. रिपोर्ट आला, त्यांच्यात दोष नाही. म्हणजे माझ्या मुलीलाही त्यांच्याकडून तो यायचा नाही. मी आनंदाने उडीच मारली आणि वळून पाहिलं तर दारात ननंदबाई उभ्या.

त्यांनी अजून तपासणी केलेली नाही. पंचेचाळीस वर्षांच्या आहेत. दोष असेल तर मुलं झालेल्या बाईने पस्तीस ते चाळीसच्या दरम्यानच अंडाशय आणि त्यांच्या नळ्या काढून घ्याव्यात असा सल्ला देतात, म्हणजे त्यांना वेळ होऊनच गेला आहे. पण भाचीची बोलणी चालू आहेत. "एकदा साखरपुडा होऊ दे वहिनी, मग बघू. आत्ता कॅन्सरचं घराणं असं नाव झालं तर?" मी काय बोलणार? आपल्या समाजात बायोडेटावर गोत्र, मामाचं गोत्र, दुकान, सगळं असतं आणि आजीचा आजार नसतो. हा लेख टाकायला त्यांचा विरोध होता. बाईंनी ऐकलं नाही. म्हणाल्या, "माझ्या लेकीला वेळ जाऊ नये म्हणूनच लिही." गाव लहान आहे, नाव न टाकताही ओळखणाऱ्या ओळखतीलच. ननंदबाई, तुम्ही हे वाचत असाल तर मी तुमच्याबरोबर नागपूरला येईन, कधीही.

काही जणी विचारतील म्हणून चार गोष्टी सांगून टाकते. मी डॉक्टर नाही, तीन वर्षांत कानावर पडलेलं सांगते. पोट फुगणं, दोन घासांत पोट भरणं, ओटीपोटात दुखणं, लघवीला वारंवार लागणं, यातलं काही नव्याने सुरू झालं असेल आणि महिन्यातून बारापेक्षा जास्त दिवस होत असेल, तर ओव्यावर थांबू नका. सोनोग्राफी करा. विशेषतः पाळी गेलेल्या बायकांनी. आणि पाळी गेल्यावर एकदा जरी अंगावर डाग दिसला तरी तो दाखवायचाच, मग घरात कुणाचं लग्न असो की पारणं.

"सीए-125 करून टाकू का दरवर्षी सगळ्यांची?" असं माझ्या धाकट्या जावेने विचारलं होतं. ती रक्ताची तपासणी पाळीच्या दिवसांत, गाठींनी, पोटाच्या टीबीनेही वाढलेली येते. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून जास्त बायकांची वर्षानुवर्षं ती तपासणी आणि सोनोग्राफी करून पाहिली. 2021 मध्ये निकाल आला की त्याने मृत्यू कमी झाले नाहीत. तक्रार नसताना करून उपयोग नाही, तक्रार असताना मात्र टाळायची नाही.

गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर हा वेगळा, आणि तो मात्र आधी पकडता येतो. त्याचा पुरावा तर आपल्याच महाराष्ट्रातला आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, 30 ते 59 वयाच्या 1,31,746 बायकांवर टाटा मेमोरियल आणि बार्शीच्या नर्गिस दत्त हॉस्पिटलने फ्रान्समधल्या संस्थेबरोबर मोठा अभ्यास केला. 2009 मध्ये तो छापून आला. ज्या गावांत बायकांची एकदाच, फक्त एकदा, एचपीव्हीची तपासणी झाली, तिथे पुढच्या आठ वर्षांत या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास निम्मे झाले. शेतात राबणाऱ्या बायका होत्या त्या. आपण तर दुकानदारांच्या बायका, गाडी दारात असते, आणि आपल्या महिला मंडळात किती जणींनी ही तपासणी केली आहे? मी मागच्या महिन्यात विचारलं. हात वर झाले ते दोन, त्यातला एक माझा.

पैशाचंही सांगते. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे बरेच उपचार बसतात. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसतो, त्याला आधी भेटा. भांड्याच्या मावशींच्या बहिणीसाठी मी हे केलं, तेव्हा कळलं.

यंदाच्या पर्युषणात बाईंनी फक्त नवकारसी केली, आणि संवत्सरीला प्रतिक्रमण खुर्चीवर बसून. सगळ्यांना खमावून झाल्यावर माझ्यासमोर हात जोडले. मी म्हटलं, बाई, ते वाक्य, स्थानकातलं, त्याचं मला... त्या म्हणाल्या, कोणतं वाक्य? त्यांना आठवतच नव्हतं. किंवा आठवत असेल.

फ्रिजवर आता एक वही टांगलेली असते. त्यात मी रोज लिहिते: सकाळी किती, दुपारी किती, भूक होती की नव्हती. बाईंना तिचा राग येतो. काल दुपारी अर्धा फुलका ताटात राहिला तेव्हा मी वही काढली. "लिही, भूक होती," बाई म्हणाल्या. "भाजीत मीठ नव्हतं."

मी चाखून पाहिली. खरंच नव्हतं.